आठपट करंट, दोन उत्तरं: स्काय१३० मॉडेल आणि एनजीस्पाइसचं एक प्रकरण

तक्रार साधी होती. १० मायक्रोअँपिअरचा संदर्भ करंट, एकास आठ प्रमाणाचा एनमॉस करंट मिरर (एका ट्रान्झिस्टरमधल्या करंटची ठरावीक पटीत दुसऱ्यात नक्कल करणारं सर्किट), म्हणजे पलीकडून ८० मायक्रोअँपिअर यायला हवेत. येत नव्हते. फार चुकत होतं असंही नाही. शंभर-दीडशे आले असते तर जोडणी चुकली म्हणून मोकळे झालो असतो. आकडा ८०च्या आसपासच घुटमळायचा, पण ८० काही व्हायचा नाही. अशी जवळची चूक फार त्रास देते, कारण तिला कुठलंही कारण चिकटवलं तरी ते चिकटतं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसीला शिकवतो. तीन जणांचा शेवटच्या वर्षाचा गट होता, दोन मुली आणि एक मुलगा. प्रोजेक्ट होता एका छोट्या अॅम्प्लिफायरला ठरावीक करंट पुरवणाऱ्या बायस सर्किटचा, आणि तो पुस्तकातल्या मॉडेलवर न करता खऱ्या कारखान्याच्या मॉडेलवर करायचा, असा हट्ट माझाच. माझ्या पिढीने सर्किट सिम्युलेशन शिकलं ते लेव्हल १च्या मॉडेलवर. व्हीटीओ, केपी, लॅम्ब्डा अशी चार-पाच पॅरामीटर्स आणि तीही पाठ्यपुस्तकातून उचललेली. खऱ्या फॅबची, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याची, मॉडेल फाइल बघायची तर आधी गुप्ततेच्या करारावर सही लागायची, आणि आमच्यासारख्या कॉलेजशी तो करार कोण करणार? २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेचं डिझाइन किट खुलं केलं, तेव्हा ही अडचण संपली. स्कायवॉटर म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ब्लूमिंग्टनची फॅब. पूर्वी ती सायप्रस सेमीकंडक्टरची होती, २०१७मध्ये वेगळी झाली. किटचं नाव स्काय१३०, आणि परवाना अपाची २.०, म्हणजे वापरा, बदला, वाटा.

सिम्युलेटर एनजीस्पाइस. तो बर्कलीच्या स्पाइस३एफ५चा वंशज. मूळ स्पाइस लॅरी नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ साली लोकांसमोर मांडला. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ई-सिम ज्यांनी वापरलंय त्यांनी नकळत एनजीस्पाइसच वापरलाय, कारण आतलं गणित तोच करतो. सर्किट काढायला एक्सस्कीम घेतलं. सगळं फुकट, आणि सगळं लॅबमधल्या जुन्या उबुंटूच्या मशीनवर चालणारं.

पहिल्याच आठवड्यात एक ठेच लागली होती, ती आधी सांगतो. मुलाने हाताने नेटलिस्ट, म्हणजे सर्किटचं मजकुरातलं वर्णन, लिहिली आणि सवयीप्रमाणे ट्रान्झिस्टरची रुंदी डब्ल्यू=१यू अशी दिली. एनजीस्पाइसने सांगितलं की योग्य मॉडेल सापडत नाही. त्याने मॉडेलचं नाव पाचदा तपासलं, पाथ तपासला, लायब्ररी पुन्हा उतरवली. खरं कारण असं, की या लायब्ररीतच स्केल=१यू हा पर्याय ठोकलेला आहे. इथे लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये, नुसता आकडा लिहायचा असतो. १यू लिहिलं की सिम्युलेटर त्याला पुन्हा दहा लाखाने भागतो, आणि रुंदी होते १० चा उणे बारावा घात मीटर. अणूहूनही बारीक ट्रान्झिस्टरचं मॉडेल कुठली फॅब देणार? पण हा प्रकार निदान ओरडून सांगणारा होता. मिररचं तसं नव्हतं.

सर, लॅम्ब्डा असेल

मिररमध्ये दोन ट्रान्झिस्टर. पहिला डायोडसारखा जोडलेला, डब्ल्यू=१, एल=०.५, एनएफ=१. दुसरा डब्ल्यू=८, एल=०.५, एनएफ=८. एनएफ म्हणजे फिंगरची संख्या. आठ मायक्रॉनचा एकच लांबलचक गेट न टाकता एकेक मायक्रॉनचे आठ गेट शेजारी-शेजारी टाकायचे, आणि सोर्स-ड्रेन आलटून-पालटून वाटून घ्यायचे. लेआउट करणारा प्रत्येक जण असंच करतो. पहिल्या ट्रान्झिस्टरची रुंदी एक मायक्रॉन, दुसऱ्याच्या प्रत्येक फिंगरची एक मायक्रॉन, म्हणून प्रमाण नेमकं आठ यावं, हाच तर त्यातला हिशोब.

आकडा जुळत नाही म्हणून मुलगी माझ्याकडे आली. मी ग्राफकडे एक नजर टाकली आणि म्हटलं, "अगं, दोन्हीकडचं ड्रेन व्होल्टेज वेगळं आहे ना? लॅम्ब्डा असेल." चॅनलची परिणामी लांबी ड्रेन व्होल्टेजने बदलते, त्यामुळे मिररचं प्रमाण थोडं हलतं, हे तिसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. ती बिचारी गेली आणि कॅसकोड मिरर, म्हणजे ड्रेन व्होल्टेजचा परिणाम दाबणारी रचना, करून आली. आकडा किंचित हलला, ८० झाला नाही. मग मी म्हटलं, लांबी वाढव. एल=१ केलं, पुन्हा तेच. रिपोर्टच्या मसुद्यात एक वाक्यही येऊन बसलं, की शॉर्ट चॅनल परिणामांमुळे प्रमाणात थोडी तफावत दिसते. ते वाक्य मी वाचलं आणि पुढच्या पानावर गेलो. आज ते आठवलं की लाज वाटते. लांबी दुप्पट केल्यावरही जो परिणाम हलत नाही त्याला शॉर्ट चॅनल म्हणणं म्हणजे ताप न उतरणाऱ्या माणसाला हवा बदलली म्हणून सांगणं.

नंतर तिने स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली, आणि तिथून प्रकरणाला तोंड फुटलं. ड्रेन व्होल्टेजचा संशय कायमचा मिटवायचा म्हणून एक ई सोर्स टाकला, म्हणजे व्होल्टेजने नियंत्रित व्होल्टेज सोर्स, गुणक १. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या ड्रेनला जे व्होल्टेज असेल तेच दुसऱ्याच्या ड्रेनवर लादायचं. आता दोन्ही ट्रान्झिस्टरना गेटवर तेच, ड्रेनवर तेच, सोर्स-बॉडी जमिनीवर. लॅम्ब्डा पूर्ण बाद. प्रमाण दशांशापर्यंत आठ यायला हवं, दुसरं काही येऊच शकत नाही.

एक्सस्कीममधून सिम्युलेट बटण दाबलं. आठ नाही.

रिपोर्टसाठी आकडे मजकूर फाइलमध्ये हवेत म्हणून तिने तीच नेटलिस्ट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणली आणि टर्मिनलवरून एनजीस्पाइस चालवला. उत्तर ८०.

"सर, एकाच मशीनवर, एकाच फाइलला दोन उत्तरं येतायत."

मी खुर्ची ओढून बसलो. आता हे मिररचं प्रकरण राहिलं नव्हतं.

काय वेगळं आहे?

पहिला संशय दोन एनजीस्पाइसवर. लॅबमध्ये हे नेहमी होतं. एक उबुंटूच्या भांडारातून बसवलेला जुना, एक कोणी तरी सोर्समधून बांधलेला नवा, आणि कोण कुणाला हाक मारतंय याचा पत्ता नसतो. तपासलं, दोन्ही वेळा एकच प्रोग्रॅम, एकच आवृत्ती. मग डिफ लावून दोन नेटलिस्टची तुलना केली. एका अक्षराचा फरक नाही. लायब्ररीची ओळ तीच, विभाग तोच, टीटी, म्हणजे सरासरी ट्रान्झिस्टरचा.

मग मी म्हटलं, दोन्ही लॉग शेजारी ठेवा. एक्सस्कीम एनजीस्पाइसला एका वेगळ्या एक्सटर्म खिडकीत उघडतो. लायब्ररी वाचता-वाचता त्यात ओळी भराभर वर सरकतात, आणि आपण फक्त शेवटचा आकडा बघून खिडकी बंद करतो. महिनाभर आम्ही तेच करत होतो. या वेळी वर स्क्रोल केलं. अगदी सुरुवातीला, कुठल्याही विश्लेषणाच्या आधी, एक ओळ होती: कुठलाही सुसंगतता मोड निवडलेला नाही. टर्मिनलच्या लॉगमध्ये त्याच जागी होतं: निवडलेले सुसंगतता मोड, एचएस ए.

एवढा एकच फरक. आणि तो पहिल्या दिवसापासून प्रत्येक लॉगमध्ये डोळ्यांसमोर छापला जात होता.

कुठून आला? एनजीस्पाइस सुरू होताना स्वतःच्या सेटिंग्ज डॉट-स्पाइसइनिट नावाच्या फाइलमधून वाचतो. आधी ज्या फोल्डरमधून त्याला चालवलं तिथे शोधतो, तिथे नसेल तर होम फोल्डरमध्ये. किटसोबत स्पिनिट नावाची तयार फाइल मिळते. मुलांनी सूचना वाचून ती डॉट-स्पाइसइनिट या नावाने प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. सूचना बरोबर, काम बरोबर. पण एक्सस्कीम नेटलिस्ट लिहितो आणि सिम्युलेटर चालवतो तो होममधल्या डॉट-एक्सस्कीमच्या आतल्या सिम्युलेशन्स फोल्डरमध्ये. तिथे फाइल नव्हती, होममध्येही नव्हती. म्हणजे टर्मिनलवरून चालवलं की सेटिंग लागू, बटणाने चालवलं की नाही. आणि रोजचं सगळं काम बटणाने.

आमच्या फाइलमधल्या कामाच्या ओळी तीनच होत्या:

सेट एनजीबिहेविअर=एचएसए
सेट एनजी_नोमॉडचेक
सेट स्कायवॉटरपीडीके

खालच्या दोन ओळी वेळ वाचवण्यासाठी. एक मॉडेलच्या पॅरामीटर्सची तपासणी टाळते, दुसरी ही अवाढव्य लायब्ररी वाचताना काही पायऱ्या गाळते. त्या नसल्या तर चहा पिऊन यावं लागतं, उत्तर बदलत नाही. वरची ओळ मात्र उत्तर बदलते. एचएस म्हणजे एचस्पाइस या उद्योगातल्या सिम्युलेटरसारखं वाग, आणि ए म्हणजे फक्त बाहेरून जोडलेल्या फाइलींपुरतं नाही, सगळ्या नेटलिस्टला.

सासरची भाषा

इथे थोडं थांबायला हवं, कारण मुलांना आणि खरं तर बऱ्याच प्राध्यापकांनाही वाटतं, की मॉडेल म्हणजे समीकरणं. बर्कलीने बीसिम४ या ट्रान्झिस्टर मॉडेलची समीकरणं दिली, फॅबने त्यात आपले आकडे भरले, सिम्युलेटर ते सोडवतो. मग कुठलाही सिम्युलेटर घेतला तरी उत्तर एकच यायला हवं. अर्धं खरं आहे. पण फॅब ज्या फाइली देते त्या कुठल्या तरी एका सिम्युलेटरच्या बोलीत लिहिलेल्या असतात. विभागवार लायब्ररी, सबसर्किटला पॅरामीटर कसे द्यायचे, यादृच्छिक आकडे कसे मागायचे, असे शंभर बारीक संकेत त्यात गृहीत धरलेले असतात. उद्योगात ती बोली वर्षानुवर्षं एचस्पाइसची किंवा स्पेक्टरची. एनजीस्पाइसला या घरात नांदायचं तर सासरची भाषा शिकावी लागते, आणि तो ती शिकलेलाही आहे. फक्त कुठल्या घरात आलोय हे त्याला कुणी तरी सांगायला हवं.

पण मिररचा आकडा का बदलावा? कुठली ओळ वेगळी वाचली गेली?

त्याचं उत्तर मॉडेलच्या कप्प्यांमध्ये आहे. याला बिनिंग म्हणतात. बीसिम४ला पॅरामीटर्स शेकड्याने असले, तरी एकाच संचाने ०.१५ मायक्रॉन लांबीच्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरपासून ऐसपैस ट्रान्झिस्टरपर्यंत सगळ्यांना अचूक पकडता येत नाही. अरुंद ट्रान्झिस्टरच्या कडांचा परिणाम वेगळा, रुंद असला तर वेगळा. म्हणून फॅब लांबी-रुंदीच्या पटावर चौकटी आखते आणि प्रत्येक चौकटीला स्वतंत्र मॉडेल कार्ड देते. प्रत्येक कार्डावर लांबी आणि रुंदीची किमान-कमाल मर्यादा असते. स्काय१३०च्या १.८ व्होल्टच्या साध्या एनमॉसला असे कप्पे डझनांनी आहेत. शिवाय ते सबसर्किटच्या आत बसवलेले असल्यामुळे तुम्ही टाकलेल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमागे अख्खं कपाट पुन्हा उघडलं जातं. लायब्ररी वाचायला वेळ का लागतो याचं एक कारण हेही.

आता आमचा दुसरा ट्रान्झिस्टर: डब्ल्यू=८, एनएफ=८. याला कुठल्या कप्प्यात टाकायचं? एचस्पाइसचा संकेत असा, की रुंदीला फिंगरच्या संख्येने भागा आणि एका फिंगरच्या रुंदीवरून कप्पा ठरवा. आठ भागिले आठ, एक मायक्रॉन. एनजीस्पाइस एचएस मोडमध्ये हेच करतो. मोड दिला नाही, तर तो एकूण रुंदी घेतो, म्हणजे आठ मायक्रॉनचा कप्पा उघडतो. पुढे बीसिम४ची समीकरणं मात्र दोन्ही वेळा रुंदीला एनएफने भागूनच हिशोब करतात. म्हणजे बटणाने चालवलं तेव्हा एक मायक्रॉनच्या फिंगरला आठ मायक्रॉनच्या ट्रान्झिस्टरसाठी बसवलेले आकडे लागले. शिंपी तोच, कापड तेच, माप दुसऱ्याचं. उत्तर भलतं येत नाही, जवळचं येतं. लॅम्ब्डा म्हणून खपेल इतकं जवळचं.

नेमका किती फरक पडला तो आकडा मी मुद्दाम देत नाही. तो लायब्ररीची आवृत्ती, लांबी, बायस आणि कप्प्यांच्या सीमा यांवर ठरतो. दुसऱ्या कुणी तोच आकडा आपल्या सर्किटला दुरुस्ती म्हणून लावू नये.

पुरावा

हे सगळं मी फळ्यावर सांगितलं तेव्हा गटातला मुलगा म्हणाला, "सर, पटतंय, पण दाखवता येईल का?" हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळाला की वर्ष वसूल होतं.

दाखवता येतं. ऑपरेटिंग पॉइंट काढल्यावर एनजीस्पाइसला शो ही आज्ञा द्यायची आणि आतल्या ट्रान्झिस्टरचं पूर्ण नाव सांगायचं. सबसर्किट असल्यामुळे नाव लांबलचक होतं: एम, टिंब, एक्सएम२, टिंब, आणि पुढे एमने सुरू होणारं उपकरणाचं नाव. जे कोष्टक छापून येतं त्यात मॉडेलच्या नावामागे टिंब देऊन एक क्रमांक असतो, तो कप्प्याचा. बटणाच्या वेळी एक्सएम१ आणि एक्सएम२चे क्रमांक वेगवेगळे. टर्मिनलच्या वेळी दोघांचा एकच. मुलाने दोन्ही स्क्रीनचे फोटो काढून ठेवले.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो, कारण त्याला मोडबिड काही समजायची गरज नाही. आठ फिंगरचा एक ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या दृष्टीने एक मायक्रॉनचे आठ ट्रान्झिस्टर समांतर. मग डब्ल्यू=८, एनएफ=८ काढून टाका आणि डब्ल्यू=१, एनएफ=१ असे आठ लावा. आता एकूण रुंदी आणि फिंगरची रुंदी एकच, तेव्हा कप्प्याबद्दल वादच उरत नाही. दोन्ही मार्गांनी एकच उत्तर आलं पाहिजे, आणि तेच बरोबर.

मुलीने नेटलिस्ट उघडली, डब्ल्यू=१, एनएफ=१ केलं आणि मल्ट=१च्या जागी मल्ट=८ लिहिलं. उत्तर आलं १० मायक्रोअँपिअर.

क्षणभर सगळे गप्प. मग मला हसू आलं. ही या किटमधली आणखी एक जुनी खोड. ट्रान्झिस्टरच्या ओळीत शेवटी दोन पॅरामीटर्स असतात, मल्ट आणि एम. समांतर प्रती करतो तो एम. मल्ट सबसर्किटच्या आत फक्त मिसमॅचच्या, म्हणजे सारख्याच ट्रान्झिस्टरमध्ये पडणाऱ्या फरकाच्या, सूत्रात वापरला जातो, जिथे लांबी गुणिले रुंदी गुणिले मल्ट यांचं वर्गमूळ भागाकारात येतं. एक्सस्कीमच्या चिन्हात एक आकडा भरला की दोन्ही आपोआप भरले जातात, म्हणून चित्रातून काम करणाऱ्याला हे कधी कळत नाही. हाताने बदलणारा बरोबर फसतो. एम=८ही लिहिल्यावर उत्तर ८०, बटणाने आणि टर्मिनलने दोन्हीकडे. मूळ आठ फिंगरच्या सर्किटचं एचएस मोडमधलं उत्तरही ८०. म्हणजे खरं बोलणारा टर्मिनल होता.

दुरुस्ती, आणि तिच्यातला खड्डा

सगळ्यांना पहिल्यांदा सुचलेली दुरुस्ती म्हणजे डॉट-स्पाइसइनिट होम फोल्डरमध्ये टाकून द्यायची. कुठूनही चालवा, सापडेल. मीही हो म्हणणार होतो. पण दुसऱ्या मुलीच्या होममध्ये आधीच तशी एक फाइल निघाली. मागच्या सत्रात तिने पीसीबीच्या मिनी प्रोजेक्टसाठी एका ऑप-अॅम्पचं उत्पादकाने दिलेलं मॉडेल वापरलं होतं. अशी मॉडेलं बहुतेक पीस्पाइसच्या बोलीत असतात, म्हणून तिने एनजीबिहेविअर=एलटीपीएसए लावलं होतं. ते तिच्या त्या कामाला अगदी योग्य होतं. स्काय१३०ला मात्र चुकीचं घर. होममधली एकच फाइल दोन प्रोजेक्टना पुरणार नाही. आणि समजा पुरली, तरी सहा महिन्यांनी तिसरं कोणी ती बदलेल आणि आमचा मिरर पुन्हा गुपचूप बिघडेल.

ही ओळ नेटलिस्टमध्येच का लिहीत नाही, असा प्रश्न येतो. उपयोग नाही. नेटलिस्टमधला कंट्रोल विभाग चालायच्या आधीच सगळी नेटलिस्ट वाचून, उलगडून झालेली असते. बोली कुठली हे वाचायच्या आधी कळायला हवं.

शेवटी आम्ही असं केलं: प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक्सस्कीमची स्वतःची आरसी (सेटिंग्जची) फाइल, तिच्यात नेटलिस्टची जागा त्याच प्रोजेक्टच्या सिम फोल्डरकडे वळवलेली, आणि त्या सिम फोल्डरमध्ये डॉट-स्पाइसइनिट. फाइल गिटमध्ये चढवलेली. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली साध्या यादीत दिसत नाहीत आणि पेनड्राइव्हवर कॉपी करताना हमखास मागे राहतात, हा धडा दोन दिवसांनी वेगळा मिळाला. शिवाय लॉगच्या पहिल्या पन्नास ओळींत ती सुसंगततेची ओळ शोधून, एचएस नसेल तर निकाल फेकून देणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट मुलाने लिहिली. सगळ्या प्रोजेक्टमधला मला सर्वात आवडलेला कोड तोच.

या संदर्भात जर्मनीतल्या आयएचपी संस्थेच्या खुल्या १३० नॅनोमीटर किटचं मला कौतुक वाटतं, जरी त्याचा हेतू हा नसला तरी. त्यातले मॉसचे मॉडेल पीएसपी प्रकारचे, एनजीस्पाइसला बाहेरून जोडावे लागणारे. ते जोडणारी आज्ञा डॉट-स्पाइसइनिटमध्ये असते. फाइल सापडली नाही की सिम्युलेशन चालतच नाही. आरडाओरडा होतो, दहा मिनिटांत कारण सापडतं. स्काय१३० बिनासेटिंगही चालतं, आकडे देतं, ग्राफ काढतं. अशा सोयीपेक्षा मला ती अडवणूक परवडली.

पाच कोपरे आणि एक चूक माझी

सेटिंग जागेवर आल्यावर मुलांनी उत्साहाने पाचही कॉर्नर, म्हणजे कारखान्यात ट्रान्झिस्टर सरासरी, मंद किंवा जलद निघण्याच्या पाच शक्यता, चालवले: टीटी, एसएस, एफएफ, एसएफ, एफएस. लायब्ररीच्या ओळीतला शेवटचा शब्द बदलला की झालं. पाचही वेळा मिररचं प्रमाण आठ, आणि मुलांनी ते मजबूत डिझाइन म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं. मी ते खोडलं. कॉर्नरमध्ये चिपवरचे सगळे एनमॉस एकदम मंद किंवा एकदम जलद धरलेले असतात. मिररचे दोघेही एकाच दिशेला सरकतात, मग प्रमाण का हलेल? मिररला धोका असतो तो शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधल्या फरकाचा, आणि त्यासाठी मिसमॅच चालू असलेला टीटी_एमएम हा विभाग घ्यावा लागतो. हा फरक क्षेत्रफळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. फिलिप्सच्या संशोधकांनी, मार्सेल पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी, १९८९च्या निबंधात हे मांडलं. मघाचं मल्ट त्या वर्गमूळात का आहे हेही इथे उलगडतं: एम=८ म्हटल्यावर सिम्युलेटर आठही प्रतींना एकच यादृच्छिक आकडा लावतो, पण प्रत्यक्षात आठ वेगळ्या ट्रान्झिस्टरचे फरक एकमेकांत थोडे विरून जातात. ते विरणं मल्टमधून येतं. म्हणून दोन्ही लिहायचे.

पहिल्या मिसमॅच रनमध्ये शंभर वेळा एकच आकडा आला. ती चूक माझी. मी लूपमध्ये नुसतं रन लिहून दिलं होतं. एनजीस्पाइस यादृच्छिक आकडे नेटलिस्ट वाचताना काढतो, विश्लेषण चालवताना नाही. दर फेरीला रीसेट दिल्याशिवाय फासे पुन्हा पडत नाहीत. मुलांनी ही चूक मला सापडवून दिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्यांना लपवू दिला नाही.

सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात आउटपुटला एक इन्व्हर्टर हवा होता. म्हटलं, स्वतः काढू नका, किटच्या स्टँडर्ड सेल लायब्ररीतला घ्या. मुलीने त्या सेलची स्पाइस फाइल उघडली आणि मला हाक मारली. ओळीत लिहिलं होतं, डब्ल्यू=६५००००यू, एल=१५००००यू.

"सर, हा एनमॉस पासष्ट सेंटिमीटर रुंद आहे."

मी उठून तिच्या टेबलाशी जाईपर्यंत ती कागदावर शून्यं मोजत होती. "थांबा, थांबा. साडेसहा लाख मायक्रो म्हणजे ०.६५. मग लायब्ररी त्याला स्केल लावणार, १यू. म्हणजे ०.६५ मायक्रॉन, आणि लांबी ०.१५. बरोबर आहे, सर. राहू दे." आणि तिने फाइल आहे तशी जोडली.